सिक्लिडच्या टाकीत दर काही महिन्यांनी मासा का मरतो, आणि तीन फुटी टाकीसाठी मासे कसे निवडायचे

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. तीन फुटी टाकी, त्यात दुकानातून आणलेले दहा-बारा 'मिक्स आफ्रिकन' सिक्लिड, म्हणजे जागेसाठी भांडणाऱ्या रंगीत माशांच्या कुळातले. आणले तेव्हा बोटाच्या दोन पेरांएवढे. पहिले काही महिने दृष्ट लागावी असं सगळं चालतं. मग एका माशाची शेपटी फाटलेली दिसते, तो खायला येईनासा होतो आणि दोन दिवसांत मरतो. पंधरवड्याने दुसरा. घरातले म्हणतात रोग आला, दुकानदार निळं औषध देतो, पाणी निळं होतं, पण मासे मरायचे थांबत नाहीत. शेवटी कुणाच्या तरी लक्षात येतं की एकच मासा सगळ्यांच्या मागे लागतोय. तो दुकानात परत दिला जातो. आठवडाभर शांतता. आणि मग ज्याच्याकडे कधी लक्षही गेलं नव्हतं असा दुसराच मासा तेच सुरू करतो.

हे चक्र मोडता येतं, पण दांडगट मासा काढून नाही. ज्या दिवशी पिल्लांचे रंग बघून पिशवी भरली त्या दिवशीच ही मारामारी ठरलेली असते. सिक्लिड निवडताना समोरच्या पिल्लाचा विचार करायचा नाही. दीड वर्षाने तोच मासा पूर्ण वाढलेला नर असेल तेव्हा कसा वागेल, याचा करायचा.

आधी ठरवा, रोग आहे की मार

मासा टाकीत कुठे उभा राहतो ते बघा. मार खाणारा मासा जवळपास नेहमी वरच्या कोपऱ्यात सापडतो. हीटरच्या किंवा फिल्टरच्या पाइपामागे, नाक पृष्ठभागाला लावून, अंग जरा तिरकं करून तो अगदी स्थिर राहतो, कारण हलला की दांडगटाचं लक्ष जातं. त्याच्या जखमा मागच्या अंगाला असतात. शेपटीची कड कुरतडलेली, कुशीवरचे दोन-चार खवले उडालेले. तो पळत असतो आणि चावा पाठीमागून बसतो. रंगही उतरलेला असतो.

खात्री करायची सोपी रीत म्हणजे पिल्लांसाठी मिळणाऱ्या तरंगत्या जाळीच्या डब्यात त्याला त्याच टाकीत वेगळं ठेवा. पाणी तेच, तापमान तेच, फक्त पाठलाग बंद. दिवसभरात रंग परत आला आणि तो दाणे टिपू लागला, तर तो आजारी नव्हता.

सगळेच मासे एकदम वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर मारामारीचा संबंध नाही. पाण्यात प्राणवायू कमी आहे किंवा अमोनिया वाढला आहे. अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके असतील आणि मासा दगडाला अंग घासत असेल तर तो व्हाइट स्पॉट. पोट फुगलेलं, अन्नावरची वासना गेलेली आणि मागे पांढऱ्या दोऱ्यासारखी विष्ठा लोंबत असेल तर ब्लोट. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

दुकानातलं निळं औषध म्हणजे बहुधा मेथिलीन ब्लू. ते मुख्य टाकीत ओतलं की फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंनाही मारक ठरतं. म्हणजे शेपटी फाटली होती मारामुळे, आणि औषधानंतर टाकीत अमोनियाही वाढला. अशा टाकीत आधी मार खाणारे मरत होते, आता धडधाकटही मरू लागतात. औषध वापरायचंच असेल तर वेगळ्या बादलीत किंवा छोट्या टाकीत.

दांडगट काढला की दुसरा का उभा राहतो

सिक्लिडच्या नरांमध्ये उतरंड असते. वरचा नर रंगीत, जागा धरून बसलेला. खालचे नर रंग दाबून, मादीसारखे फिकट होऊन वावरतात. आपल्याला वाटतं की त्या मादी आहेत, किंवा स्वभावाने गरीब आहेत. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरातल्या 'अॅस्टॅटोटिलापिया बर्टोनी' या सिक्लिडवर शास्त्रज्ञांनी याचा बारकाईने अभ्यास केला आहे. वरचा नर टाकीतून उचलला की खालच्या नराच्या डोळ्याखालची काळी पट्टी आणि अंगाचा रंग काही मिनिटांतच ठळक होऊ लागतो, आणि तो लगेच इतरांना हाकलायला लागतो. त्याच्या मेंदूतही त्या वेळी बदल घडलेले दिसतात. रिकामी झालेली जागा तो भरतो, इतकंच.

तेव्हा आठवडाभराच्या शांततेने फसू नका. टाकीची रचना तीच, माशांची यादी तीच, तर भांडणही तेच होणार. बदलायची ती यादी.

पिल्लाचा रंग काय लपवतो

'ऑराटस' हा आफ्रिकेतल्या मालावी सरोवरातला मासा याचं चोख उदाहरण आहे. पिल्लू आणि मादी पिवळीधमक, अंगावर काळे-पांढरे आडवे पट्टे. दुकानातल्या टाकीत सगळ्यांत आधी नजर त्यावरच जाते. नर वयात येऊ लागला की पिवळं पोट आधी मळकट होतं, मग तपकिरी आणि शेवटी जवळजवळ काळं, त्यावर फिकट पट्टा. रंग उलटा होत जातो तसतसा स्वभावही तापत जातो. म्बुना गटातल्या, म्हणजे खडकांत राहणाऱ्या मालावी सिक्लिडमधल्या, अत्यंत आक्रमक माशांत त्याची गणना होते. त्याची मादीही काही कमी नसते. तीन फुटी टाकीत ऑराटस घालू नये, असं मी स्पष्टच सांगते.

दुसरी फसगत आकाराची. ऑस्करचं पिल्लू दोन इंचांचं असतं, माणसाकडे बघतं, हातातून खातं, कुणालाही मोह पडावा असं. तेच वर्ष-दीड वर्षात ३० सेंटिमीटरच्या आसपास जातं. तीन फुटी टाकीची रुंदी सहसा १२ किंवा १५ इंच, म्हणजे ३० ते ३८ सेंटिमीटर. त्या माशाला नीट वळताही येत नाही. जॅक डेम्प्सी, ग्रीन टेरर, सेव्हरम, फ्रंटोसा हे सगळे याच यादीतले. फ्लॉवरहॉर्न हा तर माणसाने संकर करून मलेशियात १९९० च्या दशकात घडवलेला मासा. तो एकटा पाळायचा असतो आणि त्यालाही चार फुटी टाकीच हवी. वास्तूसाठी म्हणून लोक तो दोन फुटी टाकीत ठेवतात, तेव्हा त्या माशाचे फार हाल होतात.

तिसरी गोष्ट 'मिक्स' या शब्दाखाली विकल्या जाणाऱ्या पिल्लांची. मालावीतल्या अनेक जाती एका टाकीत ठेवल्या की आपसांत संकर होतो. पीकॉक या मालावी सिक्लिडच्या माद्या तर सगळ्याच करड्या, वेगवेगळ्या जातींच्या माद्या शेजारी ठेवल्या तर जाणकारालाही ओळखता येत नाहीत. अशा संकरातून आलेलं पिल्लू मोठेपणी किती वाढेल आणि कसं वागेल याचा भरवसा देता येत नाही. जातीचं नाव न सांगता येणारा मासा घेऊ नका. दुकानदाराला नाव माहीत नसेल तर ज्याला माहीत आहे अशाकडून घ्या. जरा महाग पडेल, पण परत परत घ्यावं लागणार नाही.

टाकी खरंच किती मोठी आहे

लांबी, रुंदी, उंची इंचांत मोजा, गुणाकार करा आणि ६१ ने भागा. आलेला आकडा लिटर. ३६ × १५ × १८ इंचांची टाकी १५९ लिटरची भरते. त्यातून वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी राहतं १३० लिटरच्या आसपास. ३६ × १२ × १८ ची टाकी दिसायला तेवढीच, पण एकूण १२७ लिटरची, म्हणजे प्रत्यक्ष पाणी शंभरच्या थोडं वर. ४८ × १८ × १८ मात्र २५५ लिटर, आणि तिथे निवडीला बराच वाव मिळतो.

सिक्लिडच्या बाबतीत लिटरपेक्षाही तळाचं क्षेत्रफळ महत्त्वाचं. बहुतेक सिक्लिड तळावरची जागा धरतात, दगडाभोवतीची किंवा बिळाभोवतीची. उंच पण अरुंद टाकीत वरचं पाणी त्यांच्या कामाचं नसतं. नवीन टाकी बनवून घेणार असाल तर उंचीचे तीन इंच कमी करून रुंदीत घाला. याला अपवाद एंजलचा, त्याला उंचीच हवी.

पाणी आधी, मासा नंतर

मुंबई, ठाणे, पुणे अशा शहरांत धरणातून येणारं नळाचं पाणी बहुधा हलकं असतं. बोअरचं पाणी सहसा जड, क्षारांचं. बादलीच्या कडेला आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर साचत असेल तर तुमचं पाणी जड आहे हे मीटरशिवायही कळतं. टीडीएस मीटर एकूण विरघळलेले क्षार दाखवतो, जडपणा वेगळा सांगत नाही. त्यासाठी थेंब टाकून रंग बघायचा जीएच-केएच (एकूण जडपणा आणि कार्बोनेटचा जडपणा) मोजायचा संच घ्या, आणि त्यातला केएच जास्त महत्त्वाचा माना. पीएच टिकवून धरण्याचं काम तो करतो.

मालावी सरोवराचं पाणी अल्कधर्मी आहे, पीएच साधारण ७.७ ते ८.६. ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या बऱ्याच प्रवाहांचं पाणी मृदू आणि आम्लाकडे झुकणारं. दुकानात पैदास झालेले मासे थोडंफार जुळवून घेतात हे खरं, पण मालावीचा येलो लॅब आणि दक्षिण अमेरिकेतला राम एकाच टाकीत ठेवले तर दोघांपैकी एकाला जन्मभर नावडत्या पाण्यात राहावं लागतं, शिवाय राम मार खातो ते वेगळंच. तेव्हा घरात जे पाणी येतं त्याला मानवणारा मासा निवडणं हा सगळ्यांत कमी कटकटीचा मार्ग. आरओचं पाणी थेट टाकीत भरू नका. त्यात केएच जवळपास नसतोच, मग पीएच एका रात्रीत घसरू शकतो.

सोसायटीत राहत असाल तर आणखी एक गोष्ट. उन्हाळ्यात टँकर सुरू झाला की नळाला येणारं पाणी बदलतं. कालपर्यंत धरणाचं हलकं, आज कुठल्यातरी बोअरचं जड. दर आठवड्याला नेहमीसारखं पाणी बदललं आणि मासे दुसऱ्या दिवशी मलूल झाले, असं एप्रिल-मेमध्ये झालं तर आधी हे तपासा. त्या दिवसांत एका वेळी एक-पंचमांशापेक्षा जास्त पाणी बदलू नये.

दगडांचा विचारही इथेच करायचा. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण पाण्याला धक्का लावत नाही, तो कुठल्याही टाकीत चालतो. शहाबादी फरशी आणि कडप्पा हे दोन्ही चुनखडीचे दगड. हलक्या पाण्यात आफ्रिकन मासे ठेवायचे असतील तर शहाबादीचे सिमेंट न लागलेले, पॉलिश नसलेले तुकडे गुहा रचायला उत्तम, ते हळूहळू केएच वाढवतात. दक्षिण अमेरिकन टाकीत मात्र तेच टाळा. दगड कोणता आहे कळत नसेल तर सुरीने थोडी भुकटी खरवडून तिच्यावर व्हिनेगर टाका, बुडबुडे आले तर चुनखडी. फिल्टरमध्ये शिंपल्यांचा चुरा घातला तरी काम होतं. पण किनाऱ्यावरून प्रवाळ उचलून आणू नका. आपल्याकडचे प्रवाळ वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत.

तीन फुटी टाकीसाठी मी काय घालेन

आफ्रिकन रंगच हवे असतील तर एकाच जातीची वसाहत करा. येलो लॅब ही माझी पहिली निवड. पिवळा मासा, पाठीच्या पंखावर काळी रेघ, वाढ साधारण १० सेंटिमीटर, आणि म्बुनांमध्ये बराच सौम्य. सरोवरात तो दगडांच्या फटींतले किडे-अळ्या टिपून खातो. ओळखीच्या दुकानातून एकाच घाण्यातली आठ-दहा पिल्लं घ्या. मोठी झाल्यावर एका नरामागे तीन-चार माद्या राहतील असे जादा नर काढून द्या. नर-मादी बाहेरून ओळखणं लॅबमध्ये अवघड आहे, म्हणून घाई करू नका. एखाद्या मादीचा जबडा खाली उतरल्यासारखा, गळा भरल्यासारखा दिसला आणि ती दाणे नाकारू लागली, तर ती आजारी नाही, तोंडात अंडी धरून आहे. साधारण तीन आठवडे ती अशीच राहते. या तीन आठवड्यांत अनेक जण तिला औषध देतात. देऊ नका.

सौलोसी मिळाले तर त्याहून छान. मालावीतल्या चिझुमुलू बेटाजवळच्या एका छोट्या खडकाळ पट्ट्यातला हा मासा, जेमतेम ८ सेंटिमीटरचा. नर निळा, त्यावर गडद उभे पट्टे. माद्या आणि पिल्लं पिवळी-केशरी. एकाच जातीत दोन रंग मिळतात, मग रंगांसाठी चार जाती एकत्र करायची गरजच राहत नाही. दहा-बारांचा गट ठेवा, नर दोन-तीन. एकच नर ठेवला तर तो माद्यांना भंडावून सोडतो, आणि दोनच असतील तर दुसऱ्याचं खरं नाही.

म्बुना टाकीत दगड पाठीमागे छतापर्यंत रचा, आत शिरायला-निघायला दोन वाटा असलेल्या गुहा होतील असे. दगड वाळूवर ठेवू नका. हे मासे वाळू उपसतात आणि रचलेला ढीग कोसळून काच जाते. आधी तळाच्या काचेवर थर्माकोलची किंवा प्लास्टिकच्या जाळीची पातळ शीट, तिच्यावर दगड, आणि वाळू सगळ्यांत शेवटी. म्बुना टाकीत मासे अगदी कमी ठेवले तर उलट भांडण वाढतं, कारण सगळा राग एकाच दुबळ्यावर निघतो. गट जरा भरलेला ठेवला की तो वाटला जातो. मात्र मग फिल्टर दमदार हवा आणि दर आठवड्याला एक-तृतीयांश पाणी बदलायलाच हवं.

नळाचं पाणी हलकं असेल, झाडं लावायची हौस असेल आणि दंगा नको असेल, तर क्रिबेन्सिसची एक जोडी. हा नायजेरियाच्या दक्षिणेकडच्या नद्यांतला. नर १० सेंटिमीटर, मादी त्याहून लहान आणि दिसायला नरापेक्षा सुंदर. विणीच्या वेळी मादीचं पोट गडद जांभळट-लाल होतं. ती नरासमोर अंगाची कमान करते, पोट पुढे काढते आणि सगळं शरीर बारीक थरथरवत ठेवते. नारळाची करवंटी कडेला एक खाच पाडून पालथी ठेवा, तिच्यातच अंडी घालतील. मग जोडी तळाचा अर्धा भाग राखते. म्हणून त्यांच्यासोबत तळाला राहणारे मासे, कोरीडोरास वगैरे, ठेवू नका. वरच्या थरात पोहणारे ठेवा. आपल्या पश्चिम घाटातला मलबार डॅनिओ यासाठी फार चांगला. चपळ आहे, कुणाच्या तावडीत येत नाही, आणि वर निर्धास्त मासे फिरताना दिसले की लाजरे सिक्लिडही बाहेर येतात. तो उडी मारतो, तेव्हा टाकीला झाकण हवं. क्रिबेन्सिसमध्ये पाण्याच्या पीएचनुसार पिल्लांतलं नर-माद्यांचं प्रमाण बदलतं, त्यामुळे सगळी पिल्लं एकाच लिंगाकडे झुकलेली निघाली तर पाणी तपासा.

बोलिव्हियन राम हा आणखी एक भला मासा. ८ सेंटिमीटर, वाळू तोंडात घेऊन चाळत फिरतो, भांडण झालंच तर पंख ताणून दाखवण्यावर भागतं. त्याचा जास्त रंगीत भाऊ, म्हणजे नेहमीचा राम किंवा इलेक्ट्रिक ब्लू राम, नवशिक्याने घेऊ नये. त्याला मृदू, उबदार आणि फार स्थिर पाणी लागतं. नव्या टाकीत तो टिकत नाही आणि माणसाचा उगाच हिरमोड होतो.

एंजल हाही सिक्लिडच, हे अनेकांना माहीत नसतं. १८ इंच उंचीची टाकी असेल तर पाच-सहा पिल्लं एकत्र वाढवा, त्यांची आपोआप जोडी जमू द्या, आणि जमली की बाकीचे देऊन टाका. ही शेवटची पायरी लोक गाळतात, आणि मग जोडी उरलेल्यांना जगू देत नाही. एंजलसोबत निऑन टेट्रा ठेवू नका, एंजल मोठा झाला की ते त्याचं खाद्य. टायगर बार्बही नको, ते एंजलचे लांब पंख कुरतडतात.

आणि बोअरचं जड पाणी असेल तर आपल्याच देशातला ऑरेंज क्रोमाइड. दक्षिण भारत आणि श्रीलंकेतला, खाडीच्या मचूळ पाण्यातही राहणारा, ८ सेंटिमीटरपर्यंतचा पिवळा-केशरी मासा. पिल्लं आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव टिपून खातात, ते बघण्यासाठी तरी एक जोडी पाळावी. त्याचा मोठा भाऊबंद म्हणजे कोकण-गोव्याच्या ताटातला कालुंदर, केरळचा करीमीन. केरळने २०१० मध्ये त्याला राज्यमासा केलं. तो मात्र ३० सेंटिमीटरच्या पुढे जातो, तीन फुटी टाकीत नको.

कन्व्हिक्ट या सिक्लिडबद्दल विचारणा फार होते. स्वस्त, काटक, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. एकटी जोडी ठेवणार असाल तर खुशाल ठेवा. इतर माशांबरोबर ठेवली तर अंडी घातल्याच्या दिवसापासून सबंध तीन फूट तिचे, आणि बाकीचे सगळे वरच्या कोपऱ्यात.

आज टाकीत जे आहे ते कसं सावरायचं

आधी टाकीतल्या प्रत्येक माशाचं नाव शोधा आणि त्यापुढे पूर्ण वाढीचा आकार लिहा. १५ सेंटिमीटरच्या वर जाणारे सगळे वेगळे काढा, सध्या ते कितीही लहान आणि गरीब असोत. उरलेल्यांत आफ्रिकन आणि अमेरिकन वेगळे करा. जिथली बहुसंख्या असेल ते ठेवा. त्यातून ऑराटससारखे तापट काढा. मग एकाच रंगाचे किंवा एकाच प्रकारच्या पट्ट्यांचे दोन वेगळ्या जातींचे नर राहिले असतील तर त्यातला एक जाऊ द्या. नर सगळ्यांत जास्त चिडतो तो आपल्यासारखाच दिसणाऱ्यावर.

यानंतर सगळे दगड बाहेर काढा आणि पूर्ण नव्या पद्धतीने रचा. ही पायरी टाळू नका. जुनी रचना राहिली की जुन्या हद्दी राहतात. जागा बदलली की सगळ्यांना शून्यातून सुरुवात करावी लागते, आणि त्याच वेळी नवे मासे सोडले तर ते पाहुणे ठरत नाहीत.

काढलेले मासे दुकानात द्या, नाहीतर मोठी टाकी असलेल्या कुणाला द्या. तळ्यात, धरणात, नदीत सोडू नका, कितीही दया आली तरी. मोझांबिक तिलापिया, आपण जिला चिलापी म्हणतो, ती भारतात १९५२ मध्ये मत्स्यपालनासाठी आणली. तीही सिक्लिडच. आज उजनीसारख्या जलाशयात जाळ्यात काय येतं ते तिथल्या मासेमारांना विचारा.

मार थांबूनही मासे मरत असतील तर

अमोनिया तपासा. आफ्रिकन टाकीत तो जास्त घातक असतो आणि यामागे साधं रसायनशास्त्र आहे. पाण्यातल्या एकूण अमोनियापैकी विषारी रूपातला भाग पीएचबरोबर वाढतो. २८ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर तो १ टक्क्याहूनही कमी, पीएच ८ ला सहा-सात टक्के, आणि ८.५ ला जवळपास १८ टक्के. जी टाकी गप्पीसाठी चालून गेली असती तीच लॅबसाठी जीवघेणी ठरते. नवीन टाकीचा फिल्टर तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, तेवढा धीर धरावाच लागतो. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने त्यातले जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळून घ्या.

ब्लोटचं मूळ बऱ्याचदा खाण्यात आणि ताणात असतं. खडकावरचं शेवाळ खरवडून खाणाऱ्या म्बुनांना रोज ब्लडवर्म (लाल अळ्या) आणि चरबीदार दाणे घातले की त्यांची लांबलचक आतडी ते पेलत नाहीत. स्पिरुलिनाचे (शेवाळाचे) दाणे द्या, मिनिटभरात संपतील एवढेच, आणि आठवड्यातून एक दिवस उपास. ब्लोट झालेला मासा लगेच वेगळा करा. खाणं पूर्ण बंद झाल्यावर तो क्वचितच सावरतो.

उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात टाकीचं पाणी ३२ अंशांच्या पुढे जातं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि भरलेली म्बुना टाकी वीज गेली की तासा-दोन तासांत संकटात येते. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असू द्या. दिवसा टाकीवरचा दिवा बंद ठेवा, झाकणाऐवजी जाळी लावा, तिच्यावर पंखा सोडा.

नवे मासे सोडताना

एकेक करून सोडू नका, गट एकदम सोडा. आधी पंधरा दिवस वेगळ्या टाकीत ठेवून रोग नाही ना याची खात्री करा. संध्याकाळी जुन्या माशांना पोटभर खाऊ घाला, दिवा बंद करा, मग पिशवी टाकीत तरंगत ठेवा. तापमान जुळलं की दर पाच मिनिटांनी वाटीभर टाकीचं पाणी पिशवीत घाला. अर्ध्या तासाने मासे जाळीने उचलून सोडा, पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. सकाळपर्यंत दिवा लावू नका. पहिला आठवडाभर पाठलाग होणारच. जोपर्यंत पाठलाग दगडामागे जाऊन संपतो, पंख शाबूत आहेत आणि सगळे खायला येतात, तोपर्यंत टाकीत हात घालू नका. एखादा पुन्हा वरच्या कोपऱ्यात तिरका उभा राहिला तर त्याच दिवशी त्याला जाळीच्या डब्यात घ्या आणि चार-पाच दिवसांनी, दोन मोठे दगड हलवून, परत सोडा. तरीही तोच कोपऱ्यात गेला, तर त्याला दुसरं घर शोधा. ती टाकी त्याच्यासाठी नाही.